खटपट : तोळाभर वजनाची गोळी

गेल्या अंकात तळघरातल्या लेथविषयी लिहिताना मी सहज म्हणून गेलो, की हरणांच्या मोसमाची काडतुसं मी घरीच भरतो. लेथ राहिला बाजूला, पत्रं आली ती सगळी काडतुसांवर. दोघांनी 'मराठी माणसाला हे शोभतं का' असंही विचारलंय. मी पेनसिल्व्हेनियात बावीस वर्षं राहतो, शेजारी थँक्सगिव्हिंगनंतर हरीण मारून फ्रीजर भरतात, मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. शोभण्याचं ज्याचं त्यानं बघावं.

उत्तरांआधी दोन गोष्टी. या पानावर दारू म्हणजे बंदुकीची, गोळी म्हणजे काडतुसाच्या टोकाला बसवलेला, उडून जाणारा तुकडा, आणि केस म्हणजे दारू भरायचं पितळी कवच. आणि कुठल्या काडतुसात किती दारू घालायची तो आकडा मी छापणार नाही. तो गोळी किंवा दारू बनवणाऱ्या कंपनीच्या चालू मॅन्युअलमधून घ्यायचा. मासिकातून नाही, मित्राच्या वहीतून तर नाहीच नाही.

प्रश्न (पिट्सबर्गजवळून) : माझ्याकडे सेकंडहँड .३०-०६ मापाची रायफल आहे. दुकानातल्या काडतुसांनी शंभर यार्डांवर पाच गोळ्यांचा ग्रुप (कागदावरच्या सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर) अडीच इंचांचा येतो, म्हणून रीलोडिंगचं, म्हणजे काडतुसं घरी भरण्याचं, सामान घेतलं. १६५ ग्रेनची गोळी (ग्रेन हे वजनाचं माप, त्याचा हिशोब शेवटच्या उत्तरात), मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासून अर्धा-अर्धा ग्रेन दारू वाढवत सात पायऱ्या, प्रत्येक पायरीला तीन गोळ्या. ग्रुप आले १.४, १.१, ०.६, १.७, १.२, ०.९ आणि १.५ इंच. तिसरी पायरी सापडली म्हणून खुशीत पन्नास काडतुसं भरली. पुढच्या शनिवारी त्याच काडतुसांचा ग्रुप १.९! नंतरचा १.३. दारू सादळली का?

उत्तर : दारू ठणठणीत आहे. तुम्ही तीन गोळ्यांवर भरवसा ठेवलात, एवढंच.

औंधच्या आयटीआयमधून निघून मी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला लागलो. पहिल्याच आठवड्यात एक बुश बरोबर मापात आला, तो मिरवत इन्स्पेक्टरकडे घेऊन गेलो. त्यानं मायक्रोमीटर लावला, मान हलवली आणि म्हणाला, "एक आलाय. उरलेले एकोणपन्नास आण, मग पेढे वाट." तुमचा ०.६ हा तो एक बुश आहे.

आता तुमचेच आकडे घ्या. सात ग्रुपांची बेरीज ८.४, सरासरी १.२ इंच. तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप एकाच रायफलीतून, एकाच काडतुसानं मारत बसलात, तर दहांतला सगळ्यात मोठा हा सगळ्यात लहानाच्या तिप्पट सहज भरतो. रायफल तीच, माणूस तोच, नुसता योगायोग. म्हणजे तुमचे ०.६, १.७ आणि नंतरचा १.९ हे सगळे एकाच पोत्यातले दाणे आहेत. सात पायऱ्यांत मिळून दारूत फरक तीन ग्रेनांचा. गोळ्या थोड्या वरखाली लागल्या असतील, पण ग्रुपच्या आकारावर त्याचा परिणाम झाला असं तुमच्या आकड्यांवरून मुळीच म्हणता येत नाही. तिसऱ्या पायरीत जादू नव्हती, तशी चौथीही वाईट नव्हती.

हे वाचून हिरमुसू नका, कारण तुमच्या वहीत एक चांगली बातमी आहे आणि ती तुम्ही वाचलीच नाहीत. गोळ्या वाढल्या की ग्रुप मोठा होणारच. तीन गोळ्यांची सरासरी १.२ असेल तर पाचांची साधारण दीड इंच येते आणि दहांची दोनच्या थोडी आत. दुकानातलं काडतूस पाच गोळ्यांत अडीच इंच देत होतं. म्हणजे १६५ ग्रेनची ती गोळी तुमच्या नळीला मानवलेली दिसते, मग दारूचं माप कुठलंही असो. खरी कमाई तिथं झाली आणि तुम्ही मात्र अर्ध्या ग्रेनाच्या मागे धावताय.

मी काय केलं असतं ते सांगतो. सगळ्यात आधी काडतुसांना हातच लावला नसता. सेकंडहँड रायफल आहे, तर स्कोपच्या माउंटचे आणि दांड्याचे स्क्रू टॉर्क रेंचनं तपासा. माझ्या शेजाऱ्यानं एका उन्हाळ्यात तीन तऱ्हांच्या गोळ्या आणि दोन डबे दारू संपवली. शेवटी मागच्या रिंगचा स्क्रू नखानं फिरत होता! नळीत तांब्याचा थर किती बसलाय तेही पाहा. कापडाच्या बोळ्यावर निळा रंग उतरायचा थांबेपर्यंत एकदा नीट साफ करा, मग मात्र दर खेपेला घासत बसू नका.

नंतर गोळी. दोन किंवा तीन वेगळ्या गोळ्या घ्या, तुमच्या मॅन्युअलच्या मर्यादेत राहून प्रत्येकीसाठी मधलंच एखादं माप धरा, आणि प्रत्येकीच्या दहा-दहा मारा. पाच मारायच्या, शिकारी रायफलची नळी बारीक असते ती गार होऊ द्यायची, चहा घ्यायचा, मग दुसऱ्या पाच, त्याच कागदावर. दहांतली एखादी बाहेर गेली तर 'ती मी ओढली', म्हणजे माझाच हात हलला, म्हणून खोडू नका. ओढली असेल तर तीही तुमचीच. या दहांत जी गोळी उजवी ठरेल ती धरायची. काडतुसाची लांबी, म्हणजे गोळी किती खोल बसवायची, हा त्यानंतरचा खेळ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गोळीही बदलली, दारूही बदलली आणि लांबीही, तर ग्रुप कशानं सुधारला हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

लांबीबद्दल एक धोक्याची गोष्ट. गोळी रायफलिंगला, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांना, अगदी भिडवून बसवली की नेम सुधारतो, असं टार्गेटवाले सांगतात. शिकारीत ते नको. भिडलेल्या गोळीनं दाब चढतो. शिवाय न मारलेलं काडतूस बाहेर काढताना गोळी नळीत अडकून राहिली, तर दारू सगळी मॅगझिनात, म्हणजे रायफलीच्या काडतुसांच्या खणात, सांडते. .३०-०६ ची कमाल लांबी ३.३४० इंच ठरलेली आहे. तुमच्या मॅगझिनात आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) मोकळेपणानं बसेल तेवढीच ठेवा.

पितळी केसच्या तयारीत कशाला किती जपायचं? मानेला नाही, खांद्याला, म्हणजे केस मानेकडे निमुळती होते त्या भागाला. मारलेली केस रायफलीच्या चेंबरएवढी फुगलेली असते. डायमधून, म्हणजे केस परत मापात आणणाऱ्या साच्यातून, काढताना तिचा खांदा फक्त दोन थाऊ मागे सरकवायचा. (कारखान्यातली सवय, इंचाच्या हजाराव्या भागाला मी थाऊच म्हणतो. दोन थाऊ म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक.) जास्त दाबलीत तर चार-पाच वापरांत केस बुडाच्या वर चिरायला लागते, कमी दाबलीत तर हातमोजे घातलेल्या हातानं बोल्ट, म्हणजे रायफलीचा मागचा सरकता दांडा, बंद होत नाही. यासाठी खांद्याची जागा मोजणारा एक साधा कंपॅरेटर मिळतो, तो कॅलिपरला लावायचा. माझ्या मते सगळ्या सामानात वसूल होणारी चीज तीच. .३०-०६ ची केस वाढत वाढत २.४९४ इंचांच्या पुढे गेली की कापून २.४८४ वर आणायची. बाकी केसांची वजनं करणं, मान कातणं, प्रायमरचा (केसच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टिकलीचा) खळगा खरवडणं हे रिकामटेकडेपणाचे उद्योग. मला आवडतात, मी ते करतो, पण हरणाला त्यातला फरक कळत नाही.

दाबाची खूण : बोल्ट उचलायला जड गेला, केसच्या बुडावर चकचकीत ठिपका उमटला, किंवा क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) वेग मॅन्युअलपेक्षा जास्त आला, की तिथंच थांबायचं आणि खाली यायचं. पण खूण दिसली नाही म्हणजे सगळं सुरक्षित, असंही नव्हे. पुष्कळदा दाब मर्यादा ओलांडून जातो, मग खूण दिसते.

आणि शेवटची परीक्षा थंड नळीची. हरणावर दुसरी, तिसरी गोळी झाडायची वेळ बहुधा येतच नाही, पहिलीच काय ती. माझ्याकडे एक कागद आहे. सप्टेंबरपासून दर शनिवारी रेंजवर गेलो की थंड नळीतून पहिली एक गोळी त्याच कागदावर मारतो, घडी घालतो, खिशात ठेवतो. दहा शनिवारांची दहा भोकं. गेल्या वर्षी ती पावणेदोन इंचांत होती. दोनशे यार्डांवर त्याचे झाले साडेतीन इंच, आणि हरणाच्या छातीचा मर्माचा भाग असतो आठेक इंचांचा. मी तो कागद कुणाला दाखवायला नेला, तर रेंजवरचे पोरसवदा गडी फोनमधले अर्ध्या इंचाचे ग्रुप दाखवतात. तीन-तीन गोळ्यांचे.

प्रश्न (सॅक्रॅमेंटोहून) : आमच्याकडे शिसं चालत नाही, तांब्याचीच गोळी लागते. १८० ग्रेनच्या शिशाच्या गोळीचं जमलेलं माप होतं, तेच तांब्याच्या १८० ला वापरू का?

उत्तर : नाही, अजिबात नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिसंविरहित गोळीच लागते. तिकडची काँडोर गिधाडं शिकारीच्या मागे उरलेली आतडी खातात आणि त्यांतल्या शिशाच्या कणांनी मरतात, ते त्यामागचं मोठं कारण. आपल्याकडे गिधाडं गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकानं गेली, तिकडे शिशानं.

तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी केसमध्ये जास्त खोल शिरते, दारूची जागा खाते, आणि दाबाचं सगळं गणित बदलतं. त्या गोळीच्या कंपनीचं स्वतःचं मॅन्युअल घ्या आणि तळापासून सुरुवात करा. वजनही उतरवा. १८० च्या जागी १५० किंवा १६५ घेतलीत तरी चालतं, कारण तांब्याची गोळी फुलते पण तुकडे होऊन वजन गमावत नाही. आणि हिला रायफलिंगपासून लांबच ठेवा, पन्नास थाऊ किंवा त्याहून जास्त. माझ्या रायफलीत पन्नासला गोळ्या विखरत होत्या, ऐंशीला शहाण्यासारख्या वागायला लागल्या. दहा-दहांच्या ग्रुपांत, हे सांगायला नकोच.

प्रश्न (न्यू जर्सीहून, एका ताईंचं पत्र) : आमच्या ह्यांनी बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनशेजारी बाक मांडलाय. दारूचे डबे, ते छोटे प्रायमर, सगळं तिथंच. घरात दोन वर्षांची नात असते. मला रात्री झोप लागत नाही. हे उडेल का?

उत्तर : ताई, उडण्याची भीती तुम्हाला वाटते त्यापेक्षा कमी आहे, आणि जी भीती तुम्हाला वाटत नाहीये ती जास्त आहे.

ही धूरविरहित दारू उघड्यावर पेटली तर भडाभडा जळते, पण फटाक्याच्या दारूसारखा स्फोट करत नाही, जोवर ती कुठल्या मजबूत पेटीत कोंडलेली नाही. म्हणून ती कंपनीच्याच डब्यात ठेवायची. तो डबा मुद्दाम कमजोर केलेला असतो. 'छान' म्हणून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओतायची नाही, हे त्यांना माझ्या नावानं सांगा. घरात वीस पौंडांपर्यंत दारू मूळ डब्यांत ठेवायला अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या संहितेची हरकत नाही. त्यापुढे इंचभर जाड लाकडाची पेटी लागते. शिवाय गावाचे नियम वेगळे असू शकतात, ते फायर मार्शलच्या ऑफिसात विचारून घ्या. प्रायमर म्हणजे दिवाळीतल्या टिकल्यांचा मोठा भाऊ. तेही मूळ खोक्यातच राहू देत, बरणीत खडखडत नकोत. आणि वॉशिंग मशीन-ड्रायरशेजारची जागा चुकीचीच आहे : ऊब, ठिणगी आणि दमट हवा, तिन्ही एका ठिकाणी.

तुम्हाला न वाटणारी भीती शिशाची. प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं. मारलेल्या केसा यंत्रात घुसळून साफ करताना जी काळी धूळ उडते ती हातांवर, कपड्यांवर, आणि तुमच्याकडे तर थेट धुण्याच्या कपड्यांवर बसते. नात जमिनीवर खेळते, बोटं तोंडात घालते. घुसळणं गॅरेजमध्ये हलवा, किंवा पाण्यात घुसळायचं यंत्र घ्या म्हणजे धूळच उडत नाही. बाकावर चहा नको, शेंगदाणे नकोत. काम झालं की थंड पाण्यानं साबण लावून हात. नातीची आणि ह्यांचीही रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या, साधी रक्ताची चाचणी असते. आणि खोलीला कुलूप.

राहिला विसरभोळेपणा. तो माझा सांगतो. लाकडी ठोकळ्यात पन्नास केसा उभ्या करून मी दारू भरत होतो. तिसाव्याच्या सुमारास पुण्याहून बहिणीचा फोन आला, सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटचा. वीस मिनिटं बिल्डरला शिव्या घातल्या, परत येऊन भरायला लागलो. एक केस मधे राहून गेली. नोव्हेंबरात साठ यार्डांवर हरीण उभं, मी चाप ओढला आणि नुसतं 'टिक्'. नळी जमिनीकडे ठेवून पूर्ण मिनिटभर थांबलो, मग बोल्ट उघडला. हातात आली ती रिकामी केस. गोळी नव्हती. बोल्ट काढून नळीतून पाहिलं तर आरपार उजेड दिसेना. नुसत्या प्रायमरच्या धक्क्यानं गोळी चेंबरच्या लगेच पुढे, नळीच्या सुरुवातीला जाऊन रुतली होती. ती तिथून नळीत आणखी पुढे सरकली असती आणि घाईत मी मागून दुसरं काडतूस झाडलं असतं, तर हे सदर आज दुसरं कुणीतरी लिहीत असतं. तेव्हापासून फोन वरच्या मजल्यावर राहतो, आणि गोळ्या बसवण्याआधी पन्नासही केसांत टॉर्च मारून दारूची पातळी बघतो. माझ्या काडतुसाला जी दारू लागते ती केस जवळजवळ भरून टाकते, म्हणून रिकामी केस उजेडात लगेच कळते. दुप्पट भरली तर सांडतेच.

हो, आणि बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा. एच ४३५० आणि आयएमआर ४३५० या दोन वेगळ्या दारू आहेत. आकडा एक म्हणून माप एक नव्हे. हे ह्यांना माहीत असेलच, तरी विचारा.

प्रश्न (अमरावती जिल्ह्यातून) : शेतीरक्षणासाठी .३१५ रायफलचं लायसन्स आहे. काडतूस महाग आणि नेम बेभरवशाचा. तुमचं सामान इकडे आणवून घरी भरता येईल का?

उत्तर : नाही. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही, विकायची तर लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे काडतूस बनवायलाच वेगळा परवाना हवा. तुमचं लायसन्स रायफल बाळगण्याचं आहे, त्यात हे येत नाही. जनावर मारण्याची परवानगी हा वनखात्याचा विषय, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालचा. त्याचा या लायसन्सशी घोळ घालू नका.

एक मात्र करता येईल. माझे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत टर्नर होते, १८६९ पासून चालू असलेली फॅक्टरी ती. ते म्हणायचे, खोक्यावरचा लॉट नंबर वाचणारं गिऱ्हाईक शंभरात एक. काडतुसं घेताना एकाच लॉटची घ्या, वेगवेगळे लॉट मिसळून नेम तपासू नका. निम्मा बेभरवसा तिथंच सापडतो. उरलेला निम्मा स्क्रूमध्ये, वर लिहिलंय.

प्रश्न (डॅलसहून) : मी एच-वन-बीवर आहे. मित्राकडून रीलोडिंग शिकायचंय. काही अडचण?

उत्तर : आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावर फेडरल कायद्यानं बंदूकच नव्हे, काडतूस जवळ बाळगायलाही मनाई आहे. अपवाद आहेत, त्यांतला नेहमीचा म्हणजे इथल्या राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स. ते आधी काढा, आणि वकिलाला एकदा विचारा. चुकलात तर दंडावर भागत नाही, व्हिसा जातो. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही.

प्रश्न (मुलाकडे ओहायोला आलेले एक आजोबा, मूळ रत्नागिरीचे, सराफीतले) : चिरंजीवांच्या खोक्यावर '१८० ग्रेन' लिहिलंय. हा ग्रेन म्हणजे किती? तो सांगतो, 'बाबा, तुम्हाला नाही कळायचं.'

उत्तर : आजोबा, तुम्हालाच कळेल, त्याला नाही. ७००० ग्रेनांचा एक पौंड. आणि तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. त्या खोक्यातली एकेक गोळी तोळ्याची आहे. तोळ्याच्या शहाण्णव गुंजा, म्हणजे गुंजेला पावणेदोन ग्रेनांहून थोडं जास्त. चिरंजीवांचा काटा ग्रेनाचा दहावा भाग दाखवत असणार, म्हणजे गुंजेच्याही जवळजवळ एकोणिसाव्या हिश्श्यापर्यंत तो मोजतो. तुमच्या दुकानातल्या काट्याशी स्पर्धा करण्यासारखा आहे.

काटा खरा आहे का हे बघायला लोक वजनांचा संच विकत घेतात, आणि घ्यावाच. माझ्याकडे त्याशिवाय आजीचा एक चांदीचा रुपया आहे, १९१८ चा, पंचम जॉर्जचा. तोही टांकसाळीतून तोळाभर वजनाचाच निघायचा. संचावर काटा जुळवला आणि हौस म्हणून रुपया ठेवला. १७८.६ भरला. दीड ग्रेन आजीच्या कनवटीला गेला असणार.